पोथीतले आंध्र, शिळेवरचे सातवाहन

पुराणांत कलियुगातल्या राजांची जी यादी आहे, ती सगळी भविष्यकाळात आहे. अमुक राजा होईल, तो इतकी वर्षं राज्य करील, त्याच्यामागून त्याचा मुलगा गादीवर बसेल. सूत ऋषींना पुढचं सांगतो आहे, असा थाट. प्रत्यक्षात सांगणाऱ्याच्या दृष्टीने हे राजे केव्हाच होऊन गेले होते. यादी नंद, मौर्य, शुंग, काण्व अशी उतरत आंध्रांपाशी येते आणि गंगेकाठच्या सुरुवातीच्या गुप्तांपर्यंत पोचून थांबते. म्हणजे आज आपल्यासमोर आहे त्या रूपात ती इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमाराला पक्की झाली असावी. भविष्यवाणीचा आव आणलेली ही एक जुनी नोंदवही आहे.

या नोंदवहीत आंध्रांचा पहिला राजा काण्वांचा शेवटचा राजा सुशर्मा याला मारून सत्ता घेतो. मत्स्यपुराण त्याला शिशुक म्हणतं, वायुपुराण सिंधुक म्हणतं, विष्णुपुराण शिप्रक. आता जुन्नरजवळच्या नाणेघाटात या. खिंडीच्या तोंडाशी कोरलेल्या लेण्याच्या मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा रांगेने होत्या. प्रतिमा गेल्या, काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. पण प्रतिमांच्या डोक्यावर कोरलेली नावं बरीचशी टिकली, आणि त्यातलं पहिलं नाव राजा सिमुक सातवाहनाचं आहे. पोथीतला शिशुक-सिंधुक-शिप्रक आणि दगडावरचा सिमुक हा एकच माणूस, हे आज सगळे मानतात. पोथ्या नकलून घेणाऱ्यांनी शतकानुशतकं बोबडं केलेलं नाव एका भिंतीने दुरुस्त करून दिलं.

या पुस्तकाचा विषय हाच आहे: पुराणांनी सांगितलेले आंध्र राजे आणि शिलालेख-नाण्यांतून समोर येणारे सातवाहन राजे यांची ओळीने ताडून पाहणी. दोन्हीकडे एकच घराणं आहे. तरी दोन्हीकडचं चित्र सरसकट जुळत नाही आणि सरसकट विसंगतही नाही. कुठे जुळतं, कुठे फाटतं आणि का, एवढाच प्रश्न धरून पुढची प्रकरणं लिहिली आहेत. प्रस्तावनेत त्या प्रश्नाची चौकट वाचकापुढे ठेवतो.

आधी पोथ्यांची जात ओळखून घ्यावी लागते. मत्स्य, वायू, ब्रह्मांड, विष्णू आणि भागवत या पुराणांत हे राजवंश येतात. पहिल्या तिघांत तपशील जास्त, शेवटच्या दोघांत तो आटोपलेला. एफ. ई. पार्जिटर यांनी १९१३ साली या पाच पुराणांच्या हस्तलिखितांतले पाठ शेजारी-शेजारी मांडून कलियुगातल्या राजवंशांची संहिता प्रसिद्ध केली. तोवर जो तो हाताशी आलेल्या एखाद्या छापील प्रतीवरून बोलत असे. पार्जिटर यांच्या कामामुळे एक गोष्ट उघडी पडली. ‘पुराणांत असं म्हटलंय’ हे वाक्यच फसवं आहे. कुठल्या पुराणात, आणि त्याच्या कुठल्या हस्तलिखितात, हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

आंध्रांचंच पाहा. मत्स्यपुराणात सुमारे ३० राजे आणि ४६० वर्षं. विष्णुपुराणही ३० राजे सांगतं, पण वर्षं ४५६. वायुपुराण ३० राजांचा आकडा देतं आणि प्रत्यक्षात सतरा-अठराच नावं घेतं, ज्यांच्या वर्षांची बेरीज पावणेतीनशेच्या आसपास जाते. सिमुकाचा भाऊ कृष्ण एका परंपरेत १८ वर्षं राज्य करतो, दुसरीत १०. हे आकडे श्लोकांत शब्दांनी बसवलेले असतात. एखादा चरण गळला, नकलणाऱ्याने एक अक्षर चुकीचं वाचलं, की एका राजाची कारकीर्द दहा-वीस वर्षांनी सरकते. तेव्हा शिलालेखाशी तुलना करण्याआधी पोथीची पोथीशी तुलना झालीच पाहिजे. ते काम पुस्तकाच्या पहिल्या भागात आहे. ते रूक्ष आहे, पण ते टाळून पुढे गेलेला वाचक नंतरच्या वादांत हमखास अडकेल.

आता जिथे जुळतं ती बाजू. याद्यांच्या शेवटाकडे यज्ञश्री सातकर्णी येतो आणि मत्स्यपुराण त्याला २९ वर्षं देतं. त्याचे लेख नाशिकला सातव्या वर्षाचा, कान्हेरीला सोळाव्या वर्षाचा आणि आंध्र प्रदेशात चिन्नगंजाम इथे सत्ताविसाव्या वर्षाचा असे सापडले आहेत. २९ वर्षं राज्य केलेल्या राजाचा सत्ताविसाव्या वर्षाचा लेख मिळावा, यात खटकण्यासारखं काही नाही. गौतमीपुत्र सातकर्णीचा मुलगा पुळुमावी याला पुराणं २८ वर्षं देतात आणि कार्ल्याच्या लेण्यात त्याच्या चोविसाव्या वर्षाचा लेख आहे. यज्ञश्रीनंतरच्या विजयाला पुराणांनी अवघी ६ वर्षं दिली. या अल्पकालीन राजाचा लेख कृष्णेकाठी नागार्जुनकोंड्याला सापडला, तो त्याच्या सहाव्या वर्षाचा निघाला. पैठणपासून शेकडो कोस दूर, ज्या वेळी घराण्याची सत्ता पूर्वेकडे सरकली होती त्या वेळचा राजा, आणि त्याच्या कारकिर्दीचा आकडा पुराणकाराला ठाऊक होता. ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आणखी एक उदाहरण अपीलकाचं. याद्यांमध्ये तो वरच्या बाजूला येतो, १२ वर्षं राज्य करतो आणि निघून जातो. कुठल्याही लेण्यात त्याचं नाव नाही. म्हणून असले राजे पुराणकारांनी यादी लांबवायला घुसवले असावेत, अशी शंका घेणं सोपं होतं. पुढे छत्तीसगडात महानदीकाठच्या बालपूरला तांब्याचं एक नाणं मिळालं आणि त्यावर अपीलकाचं नाव होतं. कागदावरच्या एका राजाला अंग मिळालं. यावरून उरलेल्या सगळ्या नावांना अंग होतं असं सिद्ध होत नाही. मात्र पुरावा मिळालेला नाही एवढ्या कारणावरून नाव खोडायचं नाही, हा धडा पक्का मिळाला.

जिथे फाटतं, तिथे मात्र पोथीला पळवाट राहत नाही. याचं सगळ्यात चांगलं ठिकाण म्हणजे नाशिकची पांडवलेणी, लेणं क्रमांक ३. पुराणं गौतमीपुत्र सातकर्णीला २१ वर्षं देतात. या लेण्याच्या ओसरीत त्याचे दोन हुकूम एकाखाली एक कोरलेले आहेत. पहिला अठराव्या वर्षाचा. वैजयंतीच्या विजयी छावणीतून राजा गोवर्धनच्या अमात्याला कळवतो की पश्चिम काखडी गावातलं, पूर्वी नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याच्या ताब्यात असलेलं २०० निवर्तनं शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं आहे. दुसरा हुकूम चोविसाव्या वर्षाचा. तो राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने निघाला आहे आणि त्यातला मजकूर सरकारी कामकाज पाहिलेल्या कोणालाही लगेच ओळखू येईल. आम्ही भिक्षूंना काखडीत जे शेत दिलं होतं ते कसलं जात नाही, गाव वसलेलं नाही. सबब नगराच्या हद्दीलगतच्या आमच्या खालसा जमिनीतून १०० निवर्तनं त्यांना द्यावीत. दान कागदावर झालं, जमीन पडीक राहिली, तक्रार वर गेली आणि बदली जमीन मिळाली, तीही निम्मी.

पुराणांच्या हिशेबाने हा दुसरा हुकूम निघाला तेव्हा गौतमीपुत्राची कारकीर्द संपून तीन वर्षं झालेली असायला हवीत. इथे वाद नाही. राजाच्या हयातीत, त्याच्या कचेरीतून निघालेला, वर्ष घातलेला जमिनीचा हुकूम आणि दोनेकशे वर्षांनी संकलित झालेला श्लोक यांत हुकूमच धरायचा. शेवटच्या पुळुमावीबाबतही असंच दिसतं. पुराणं त्याला ७ वर्षं देतात. बेल्लारी भागातल्या म्याकदोनी इथला जो लेख सामान्यतः त्याचा मानला जातो, तो आठव्या वर्षाचा आहे. फरक लहान आहेत, पण ते आकडा कोणत्या जातीचा आहे ते दाखवतात. पुराणांतली वर्षं अंदाजे बरोबर असतात आणि नेमक्या गणिताला उपयोगी पडत नाहीत.

नात्यांचा प्रश्न याहून अवघड. पुराणं म्हणतात, सिमुकानंतर त्याचा धाकटा भाऊ कृष्ण आला आणि कृष्णानंतर त्याचा मुलगा सातकर्णी. कृष्ण खरा होता हे नाशिकच्या दुसऱ्या एका लेण्यातल्या छोट्या लेखावरून कळतं. त्याच्या कारकिर्दीत नाशिकच्या एका महामात्राने ते लेणं कोरवून घेतलं. पण नाणेघाटातल्या प्रतिमांच्या रांगेत सिमुक आहे, राणी नागनिका आणि सातकर्णी आहेत, कुमार आहेत, एक महारठी आहे आणि वाचता येण्याजोग्या नावांत कृष्ण नाही. सातकर्णी कृष्णाचा मुलगा असता तर बापाची प्रतिमा वगळून चुलत्याची कोरली असती का, असं विचारून अनेक अभ्यासकांनी सातकर्णीला सिमुकाचा मुलगा ठरवलं. तर्क वजनदार आहे. मात्र त्या रांगेतलं एक नाव झिजून गेलं आहे, हेही विसरता येत नाही. दगडावर काय आहे हे जसं वाचायचं, तसं दगडावर काय उरलेलं नाही तेही मोजायचं.

सगळ्यात मोठा घोळ एकूण काळाचा. पुराणं मौर्यांना १३७, शुंगांना ११२ आणि काण्वांना ४५ वर्षं देतात. चंद्रगुप्त मौर्याचा प्रारंभ इ.स.पू. ३२२च्या सुमाराला धरला, तर काण्वांचा अंत इ.स.पू. २८च्या आसपास येतो. तिथून आंध्रांची ४६० वर्षं मोजली, की आपण इ.स. ४३०च्या पुढे जातो. त्या वेळी विदर्भात वाकाटक राज्य करत होते, चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी प्रभावती तिथली राणी होऊन गेली होती, आणि सातवाहनांचं नाव मागे पडून दोनशे वर्षं लोटली होती. म्हणजे दोनपैकी एक विधान सोडावंच लागतं. सिमुकाने काण्वांना मारलं हे खरं मानायचं तर ४६० वर्षं खोटी. ४६० वर्षं खरी मानायची तर सिमुक इ.स.पू. तिसऱ्या शतकात जातो आणि त्याचा काण्वांशी संबंध तुटतो. दीर्घ कालगणना आणि लघु कालगणना म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत जे दोन तट दिसतात, ते या एका पेचातून निघाले.

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ साली दख्खनच्या प्राचीन इतिहासावरच्या आपल्या ग्रंथात या पेचातून काढलेली वाट मराठी वाचकाला विशेष रुचेल. काण्वांना पुराणं शुंगांचे सेवक म्हणतात. भांडारकर म्हणाले, मग ते पेशव्यांसारखे असतील. धनी नावाला गादीवर आणि कारभार सगळा सेवकांच्या हातात. तसं असेल तर काण्वांची ४५ वर्षं शुंगांच्या ११२ वर्षांतच धरायची, आणि सिमुक इ.स.पू. ७३ला येतो. आज त्यांचं साल सर्वांना मान्य नाही. पण त्यांनी दाखवलेली अडचण खरी आहे आणि तीच या पुस्तकाच्या मध्यभागी आहे. पुराणकार राजवंश एकामागे एक ओवतात. एकाच वेळी दोन ठिकाणी दोन घराणी नांदत होती हे सांगण्याची सोयच त्या रचनेत नाही. मगधाचं सिंहासन हा धागा. जो राजा लिहिण्याजोगा वाटला त्याला त्या धाग्यात बसवायचं. दख्खनेत वाढलेल्या, मगधाशी फारसा संबंध नसलेल्या घराण्याला यादीत आणायचं तर त्याच्या मूळपुरुषाच्या हातून मगधाचा कोणीतरी राजा मारवणं भाग होतं. सिमुक आणि सुशर्मा यांची गाठ कदाचित अशीच पडली असावी.

हा धागा लक्षात आला की पुराणांचं मौनही समजू लागतं. ज्या नहपान क्षत्रपाने नाशिक, जुन्नर, कार्ले हा सगळा मुलूख सातवाहनांकडून काढून घेतला, त्याचा आंध्रांच्या यादीत मागमूस नाही. त्याचे शक पुढे एका ओळीत येतात: १० आभीर, ७ गर्दभी, १८ शक, ८ यवन, १४ तुषार. डोकी मोजली, नावं गाळली. नाणेघाटाच्या लेखातली नागनिका पुराणांत नाही. त्या लेखात दोन अश्वमेधांसह अनेक यज्ञ आणि हजारो गाई-कार्षापणांच्या दक्षिणा नोंदल्या आहेत. वैदिक कर्मकांडाचा एवढा मोठा हिशेब असूनही पुराणांनी त्याची दखल घेतली नाही. आणि ‘सातवाहन’ हे घराण्याचं स्वतःचं नाव पुराणांत येत नाही. उलट लेखांत हे राजे स्वतःला कुठेही आंध्र म्हणवत नाहीत. या एका विसंगतीवर मूळ प्रदेशाचा वाद शंभर वर्षं पेटता राहिला. एक बाजू नाणेघाट-नाशिक-पैठणकडे बोट दाखवते, दुसरी तेलंगणातल्या कोटिलिंगालला मिळालेल्या सिमुकाच्या नावाच्या नाण्यांकडे. या वादात प्रादेशिक अभिमान लवकर शिरतो. वाचकाने तो दाराबाहेर ठेवून ते प्रकरण वाचावं, एवढी विनंती.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मग पोथी बाजूला ठेवून शिळेवर विश्वास टाकावा. तेही धोक्याचं आहे. लेणं क्रमांक ३मध्येच पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षाचा मोठा लेख आहे. गौतमीपुत्राची आई बलश्री हिने, मुलगा गेल्यावर, नातवाच्या राज्यात तो कोरवला. शक-यवन-पल्हवांचा नाश करणारा, नहपानाच्या क्षहरात कुळाचा वंश उखडणारा, तिन्ही समुद्रांचं पाणी ज्याच्या घोड्यांनी प्यालं असा हा मुलगा. अपरान्त, सुराष्ट्र, कुकुर, अनूप, आकर, अवंती अशी त्याच्या ताब्यातल्या प्रदेशांची लांबलचक माळ आहे. आता इ.स. १५०चा रुद्रदामनाचा जुनागढचा शिलालेख वाचा. शकांच्या या महाक्षत्रपाने स्वपराक्रमाने मिळवलेले प्रदेश: आकर-अवंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त. माळेतले तेच मणी. शिवाय दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवलं आणि जवळच्या नात्यामुळे त्याला जिवंत सोडलं, असंही तो सांगतो. ते नातं काय असावं हे कान्हेरीच्या एका लेखावरून उमगतं: वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी रुद्रदामनाच्या कार्दमक कुळातल्या महाक्षत्रपाची मुलगी होती.

मग बलश्रीचा लेख खोटा का? नाही. मुलाने ते प्रदेश जिंकले असतील. पण लेख कोरला गेला तेव्हा त्यातले किती हातात उरले होते, याबद्दल म्हातारी राजमाता चकार शब्द काढत नाही, आणि काढावा अशी अपेक्षाही चूक. तिने मुलाचं स्मारक उभारलं, जमाबंदीचा दप्तर-कागद लिहिला नाही. त्याच ओसरीतला काखडीच्या शेताचा हुकूम आणि हा स्तुतिलेख दोन्ही दगडावरच आहेत, पण त्यांची विश्वासार्हता सारखी नाही. हुकुमाला पडीक जमिनीची कबुली द्यावी लागली, स्तुतीला द्यावी लागली नाही.

याच स्तुतिलेखात एक जागा अशी आहे जिथे आपली सगळी विभागणी गडबडते. बलश्रीचा मुलगा पराक्रमात राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा. तेजात नाभाग, नहुष, जनमेजय, सगर, ययाती, अंबरीष यांच्यासारखा. बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्यात, एका ऐतिहासिक राजाचा मोठेपणा महाभारत-पुराणांतल्या राजांच्या मापाने मोजला आहे. म्हणजे आपण ज्यांना ‘पुराण’ आणि ‘इतिहास’ अशा दोन खणांत टाकतो, त्या दोन्ही गोष्टी त्या काळच्या माणसाच्या मनात एकाच फळीवर होत्या. प्रत्यक्षातले राजे पुराणांतल्या राजांसारखे दिसू पाहत होते आणि पुढे पुराणकार प्रत्यक्षातल्या राजांना आपल्या यादीत घेत होते.

पोथी आणि शिळा यांच्यात निवाडा करायला म्हणून तिसरे साक्षीदार लागतात, आणि सातवाहनांच्या बाबतीत ते सुदैवाने भरपूर आहेत. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा घडा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, मूळची सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर उमटलेली ती डोंगराची आणि उज्जैनी चिन्हाची मोहोर पाहिली, की बलश्रीच्या स्तुतीतल्या क्षहरातांच्या पाडावावर शंका उरत नाही. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने दुसऱ्या शतकात पैठणच्या राजाचं नाव पुळुमावीशी जुळणारं दिलं आहे आणि उज्जैनीला क्षत्रप चष्टन असल्याचं नोंदवलं आहे. दोघे समकालीन असल्याचा हा पुरावा पुराणांच्या कुठल्याही श्लोकात मिळाला नसता. जैन आवश्यक-वाङ्मयात तर नहपानाची एक गोष्टच आहे. भडोचचा नहपान खजिन्याने बळकट, पैठणचा सातवाहन सैन्याने. वेढा घालून भडोच पडेना, तेव्हा सातवाहनाचा अमात्य शत्रूच्या विश्वासात शिरला आणि त्याला दानधर्मावर खजिना रिता करायला लावला. गोष्ट ती गोष्टच. तरी नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांच्या नोंदी नाशिकच्या लेण्यात वाचल्या, हजारो कार्षापणं विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवून त्यातून भिक्षूंना वस्त्रं पुरवण्याची तजवीज पाहिली, की या गोष्टीच्या मुळाशी लोकांच्या आठवणीत राहिलेलं काहीतरी असावं असं वाटल्याशिवाय राहत नाही. ब्राह्मणी पुराणांनी गाळलेला शत्रू जैन परंपरेने जपला.

उलट दिशेचाही पुरावा आहे. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ साली दीड हजाराहून अधिक सातवाहन नाणी मिळाली आणि वा. वि. मिराशींनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गौतमीपुत्र, पुळुमावी, स्कंद, यज्ञ, विजय ही पुराणांना ठाऊक असलेली नावं आहेत आणि कुंभ, कर्ण, शक ही ठाऊक नसलेलीही आहेत. स्वतःच्या नावाने नाणी पाडणारे राजे यादीतून निसटले होते. घराण्याच्या शेवटी शाखा फुटल्या असाव्यात आणि एका रांगेचा हट्ट धरणाऱ्या यादीत शाखांना जागा नव्हती.

मराठी माणसाला या विषयाची खरी निकड त्याच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेने लावून दिली आहे. गुढीपाडव्याला शालिवाहन शक बदलतो आणि पैठणच्या कुंभाराघरी वाढलेल्या मुलाने मातीच्या शिपायांत प्राण फुंकून शत्रूला हरवल्याची कथा सांगितली जाते. सातवाहनांच्या लेखांत मात्र ही कालगणना कुठेच नाही. ते आपापल्या कारकिर्दीचं वर्ष, ऋतू, पंधरवडा आणि दिवस सांगतात. इ.स. ७८पासूनची वर्षं सलग मोजत राहिले ते चष्टन-रुद्रदामनाच्या घराण्यातले क्षत्रप, म्हणजे सातवाहनांचे शत्रू. त्या कालगणनेला शालिवाहनाचं नाव चिकटलं ते पुष्कळ शतकांनी, मध्ययुगात. शत्रूचं कालमापन जेत्याच्या नावावर चढलं, कारण लोकांना विजयाची आठवण होती आणि तपशिलाची नव्हती. परंपरा कशी चालते हे समजायला याहून चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही. घटना टिकते, माणूस टिकतो. साल, संबंध आणि श्रेय सरकतात.

या सगळ्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाला जोडलेल्या प्रस्तावनेत बखरींची पत्रांशी झडती घेतली आणि बखरीतला स्थळकाळाचा घोळ पुराव्यानिशी दाखवला. त्यानंतरही बखरी कोणी जाळल्या नाहीत. त्यांतून काय घ्यायचं आणि काय नाही, ते कळू लागलं. पुराणांच्या राजवंशांना तीच वागणूक मिळायला हवी. आजवर त्यांच्या वाट्याला दोन टोकं आली. एकाला पुराण म्हणजे भाकडकथा, दुसऱ्याला अक्षर न् अक्षर इतिहास. दोघेही एकच चूक करतात: पुराणाला एकसंध वस्तू समजतात. त्यातलं नाव, क्रम, वर्षं, नातं आणि प्रसंग या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि पाचांचा भाव वेगळा आहे. सातवाहनांपुरता हिशेब असा निघतो: नावं बव्हंशी खरी, क्रम शेवटाकडे चांगला आणि सुरुवातीकडे संशयास्पद, वर्षं ढोबळ, नाती तपासून घ्यावी अशी, आणि दुसऱ्या घराण्याशी जोडणारे प्रसंग सगळ्यात कच्चे. यादी सिद्ध होण्याच्या काळाला जे राजे जवळचे, त्यांच्याबाबत पुराणकार जास्त जाणकार आहे. गौतमीपुत्र ते विजय या पट्ट्यात म्हणूनच पोथी शिळेच्या इतकी जवळ येते.

त्यामुळे पुढच्या प्रकरणांत प्रत्येक राजाच्या नावापुढे तीनपैकी एक शेरा दिला आहे. लेख किंवा नाणं आणि पुराण दोन्हींत असलेला राजा ‘निश्चित’. फक्त लेख किंवा नाण्यात असलेला ‘यादीबाहेरचा’. फक्त पुराणात असलेला ‘प्रतीक्षेत’. या तिसऱ्या शेऱ्यावर पुष्कळ विचार केला. ‘काल्पनिक’ असा शब्द घालणं सोपं होतं. अपीलकाच्या नाण्याने तो मोह आवरला. ज्याच्या नावावर गाथासप्तशती आहे तो हालसुद्धा या तिसऱ्या खणात बसला आहे, कारण पुराणांनी त्याला ५ वर्षं दिली असली तरी त्याचा निर्विवाद म्हणावा असा लेख आपल्यापाशी नाही. वाचकांना हे रुचणार नाही याची कल्पना आहे. पण कवी म्हणून तो कितीही प्रिय असला तरी राजा म्हणून त्याला इतरांइतकाच पुरावा लागणार.

शेवटची सूचना वाचनाच्या क्रमाबद्दल. पहिला भाग पोथ्यांचा, दुसरा लेखांचा, तिसरा नाण्यांचा आणि चौथा ताळमेळाचा आहे. घाईत असणाऱ्याने चौथ्यापासून सुरुवात केली तरी हरकत नाही, पण तिथलं एखादं विधान पटलं नाही तर मागे जाऊन मूळ पुरावा वाचावा आणि मगच भांडावं. शक्य असेल त्याने पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून लेणं क्रमांक ३च्या ओसरीत ते हुकूम आणि बलश्रीचा लेख एकाच भेटीत पाहावेत. एकाच घराण्याने, एकाच जागी, एकाच लिपीत दोन वेगळ्या कामांसाठी लिहिलेले मजकूर किती वेगळं बोलतात हे तिथे कळतं. तेवढं कळल्यावर पुराणाच्या श्लोकालाही तोच प्रश्न विचारता येतो: हे कोणी, कोणासाठी आणि कशासाठी सांगितलं? या पुस्तकात प्रत्येक राजाला विचारलेला प्रश्न तोच आहे. उत्तरं काहींची पूर्ण मिळाली, काहींची अर्धी. नवं नाणं किंवा नवा लेख सापडला की त्यातली काही बदलतील, आणि बदलायलाच हवीत.